सॉरी म्हणू नकोस, आणि आधी चष्म्याचं बघ

पत्र:

ताई, मी ३४ वर्षांची. पुण्यात एका कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करते. आठ महिन्यांपूर्वी वजन कमी करायचं म्हणून घराजवळच्या बॉक्सिंगच्या क्लासला जायला लागले आणि वजनाचं राहिलं बाजूला, खेळाचाच नाद लागला. बॅगवर आणि समोरच्याने हातात धरलेल्या पॅडवर हात चांगला बसतो असं सर म्हणतात. गेल्या आठवड्यात ते म्हणाले, "पुढच्या शनिवारी तुमचं स्पारिंग." म्हणजे सरावाची लढत. समोर कोण, तर क्लासमधली १७ वर्षांची मुलगी. राज्य स्पर्धा खेळलेली, ५१ किलोची. मी ६६ किलो. मार बसेल याची भीती आहेच, पण खरं सांगू का, त्याहून जास्त मला मारायचीच लाज वाटते. परवा जोडीने सराव करताना एकीच्या गालाला जरासा ग्लोव्ह लागला तर मी चार वेळा सॉरी म्हणाले. सगळे हसले. एवढ्याशा पोरीच्या तोंडावर मी कशी मारू? नवरा म्हणतो, व्यायाम ठीक आहे, पण हे कशाला? सासूबाईंना मी एरोबिक्सला जाते असं सांगितलंय. शिवाय चष्म्याचं टेन्शन आहेच (दोन्ही डोळ्यांना साडेसहा नंबर; क्लासला काढून ठेवते, पॅड मोठे असतात म्हणून चालून जातं). करू की नको?
– म., पुणे

प्रिय म.,

ताई म्हटलंस, म्हणून मीही सरळ 'तू'वर येते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा 'चार वेळा सॉरी'पाशी हसले. दुसऱ्यांदा कंसापाशी थांबले. लाज, भीती, नवरा, एरोबिक्स या सगळ्यावर बोलू, पण आधी तू कंसात ढकलून दिलेलं बोलू.

साडेसहा म्हणजे मायनस साडेसहाच धरते. मायनस सहाच्या पुढे गेलेला नंबर डोळ्यांचे डॉक्टर मोठा नंबर मानतात. अशा डोळ्याचा गोळा मागेपुढे लांबट झालेला असतो. त्यामुळे आतला पडदा ताणला जातो आणि कडेकडेला पातळ होतो. कधी कधी तिथे बारीक छिद्रंही असतात, पण ती दुखत नाहीत, त्यामुळे माणसाला पत्ताच नसतो. अशा डोळ्यावर फटका बसला तर पडदा सुटण्याची शक्यता साध्या डोळ्यापेक्षा जास्त. तसा साधा डोळाही सुटत नाही असं नाही. अमेरिकेचा बॉक्सर शुगर रे लेनर्ड ऐन भरात असताना १९८२ मध्ये त्याच्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला, शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्याला खेळ थांबवावा लागला. नंतर तो परत आला, ते सोड. त्याच्यामागे एक अख्खा उद्योग उभा होता. तुला सोमवारी ऑफिसात जाऊन रिटर्न भरायचे आहेत.

तेव्हा पडद्याच्या डॉक्टरांकडे जा. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून मिळतो, पडदा नाही. डॉक्टर थेंब टाकून बाहुली मोठी करतील आणि पडदा कडेपर्यंत पाहतील. त्या थेंबांनी तीन-चार तास, कधी जास्तही, उजेड सहन होत नाही आणि जवळचं वाचता येत नाही. त्यामुळे स्कूटर घेऊन जाऊ नकोस आणि त्या दुपारी ऑफिसचं काम ठेवू नकोस. "व्यायाम करते" असं मोघम सांगू नकोस, "बॉक्सिंग करते आणि तोंडावर पंच घेणार आहे" असं स्पष्ट सांग. डॉक्टर चमकतील. चमकू देत. एखादं छिद्र सापडलं तर बहुतेक वेळा लेझरने त्याच्या कडा पक्क्या करतात, मग काही काळ थांबायला सांगतात. सगळं ठीक असेल तर तसं सांगतील. आणि डोक्यावर फटके नकोतच म्हणाले, तर नकोतच. तिथे मी तुझ्या बाजूने घासाघीस करणार नाही. बॅग, पॅड, शॅडो (समोर कुणी नसताना हवेत मारायचे पंच), दोरी, फूटवर्क एवढ्यावर बायका वर्षानुवर्षं आनंदाने बॉक्सिंग करतात. त्यांना मी कमी समजत नाही.

आता कुणी तरी म्हणेल, लेसिक करून टाक. त्याने चष्मा जातो, पण डोळ्याचा गोळा लांबट तो लांबटच राहतो आणि पातळ पडदाही तसाच राहतो. वरून बुबुळावर कापलेली जी झडप असते तिला फटका बसायची वेगळी काळजी. स्पारिंग करता यावं एवढ्यासाठी तर मुळीच करू नकोस.

सरांनाही नंबर सांग. आठ महिन्यांत त्यांनी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस, चूक दोघांचीही. ऐकून ते म्हणाले की बरं झालं सांगितलंस, तपासून ये, तर क्लास चांगला आहे. "काही होत नाही हो" म्हणाले तर क्लास बदल.

म्हणजे हा शनिवार गेला. हे वाचून तुला हायसं वाटलं असेल तर त्यात गैर काही नाही, माणूस आहेस. मात्र अपॉइंटमेंट आजच घे. "मार्च एंड होऊ दे, मग बघते" असं म्हणालीस तर मी समजेन की चष्मा हे निमित्त आहे.

आता लाजेचं.

मी २००१ च्या मे महिन्यात पहिलं स्पारिंग केलं, अकोल्यात. अकोल्याचा मे म्हणजे सकाळी साडेसहालाच ऊन डोक्यावर हात ठेवतं. रिंग नव्हती. पत्र्याच्या शेडपुढे जमिनीवर चुन्याने चौकोन आखला होता, एवढंच. त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेत स्क्रँटनला बायकांची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि मेरी कोमने रौप्यपदक आणलं, पण हे आम्हाला फार उशिरा कळलं. आम्हाला माहीत होतं ते एवढंच की सगळ्या मैदानात आम्ही दोनच मुली आहोत आणि कुंपणाबाहेर दूध घ्यायला निघालेले लोक सायकली थांबवून बघताहेत.

ग्लोव्ह क्लबचे. चार जोड आणि वीस पोरं, त्यामुळे आतून कायम ओले. हात घातला की दुसऱ्याच्या घामाचा गारवा आधी लागायचा, मग वास. माझ्या समोर ती दुसरी मुलगी, माझ्याच वर्गातली. सर "चला" म्हणाले आणि आम्ही दोघी जागच्या जागी गोल गोल फिरायला लागलो. अर्धा मिनिट कुणाचा हात कुणाला लागला नाही. मी पंच मारत होते, पण वीतभर अलीकडे. तीही तसंच. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, दोघी हवेतले डास मारताहेत.

मग तिच्याकडून चुकून एक जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ पंच, पोचला. माझ्या नाकावर.

नाकावर फटका बसला की डोळ्यांतून पाणी येतंच. त्याचा रडण्याशी संबंध नाही. कांदा चिरताना येतं तसं आपोआप येतं. पण हे मला माहीत नव्हतं, तिलाही नव्हतं. तिला वाटलं मी रडतेय, ती थांबली आणि दोन्ही हात खाली घेऊन "लागलं का गं?" म्हणत पुढे आली. मला वाटलं, आपण रडतोय, सगळे बघताहेत. त्या रागात मी डोळे गच्च मिटून उजवा हात फेकला. तो तिच्या उघड्या तोंडावर बसला. दातांवर बसवायचं गमशील्ड तेव्हा कुठलं? ओठ दातावर आपटून फाटला.

सर वऱ्हाडी. ते माझ्यावरच ओरडले, "डोये कायले मिटतं वं? आपला हात कुठं चालला थो दिसला तं पाह्यजे!" मग तिच्याकडे वळून, "अन् तू हात खाली कायले घेतले?"

त्या एका मिनिटात तुझ्या पत्रातलं सगळं होतं. आम्ही एकमेकींना मारायला लाजत होतो. त्या लाजेपोटी खोटे पंच मारत होतो, आणि खोट्या पंचांमुळे दोघींनाही अंतराचा अंदाज आला नाही. पहिला खरा फटका लागला तेव्हा दोघी बावरलो आणि मग जे लागलं ते जोरात लागलं. स्पारिंगमध्ये होणारी इजा मी अशीच जास्त पाहिली आहे. दुष्टपणाने मारणारे क्वचित भेटतात, घाबरून मारणारे रोज.

म्हणून तुझ्या 'एवढ्याशा पोरी'विषयी बोलते. ५१ किलो म्हणजे लंडन ऑलिंपिकमध्ये मेरी कोमने ज्या वजनात कांस्य मिळवलं तो गट. चपळांचा गट. राज्य खेळलेली मुलगी आहे, शाळा सुटल्यावर रोज दोन तास हेच करते. पहिल्या दिवशी तुझा हात तिच्या तोंडापर्यंत पोचला तर मला खास पत्र लिही, मी छापेन. तालमीत वस्ताद नव्या पोराबरोबर लढतो तेव्हा पोराला वाटतं आपण वस्तादाला लोळवू. तसं तुला वाटतंय, एवढंच.

सरांनी जोडी लावलीय ती विचार करूनच. नव्या माणसासमोर दुसरा नवा माणूस उभा करायचा नसतो, आमच्या दोघींचं जे झालं तेच होतं. जाणत्या खेळाडूला हात आवरता येतो. मात्र तुमच्यात १५ किलोंचा फरक आहे, तो तू विसरायचा नाहीस. वजन म्हणजे जोर. तुझ्याकडे कौशल्य कमी असेल, पण घाबरून फेकलेला तुझा एखादा हात तिला लागला तर तो ६६ किलोंचा असेल. म्हणजे लाजायचं कारण नाही, पण जबाबदारी आहे.

ती पाळायची कशी? शेजाऱ्यांचं दार वाजवतेस ना, तसा पंच. आवाज आत जायला हवा, कडी निखळायला नको. हात पूर्ण लांब जाऊ दे, लक्ष्यापर्यंत पोचू दे, टेकला की परत ओढून घे. पलीकडे ढकलू नकोस. आणि मुद्दाम अलीकडे तर मुळीच थांबवू नकोस. तू वीतभर आखूड मारलंस तर त्या मुलीला वाटेल, एवढ्या अंतरावर आपण सुरक्षित आहोत. डोकं हलवायची गरज नाही अशी तिच्या अंगाला सवय लागेल, आणि पुढच्या स्पर्धेत कुणी तरी खरी लांबी मारेल. तिनेही शनिवारची एक सकाळ तुला दिलेली असते. त्या बदल्यात तिला खरा पंच मिळायला हवा, हळू असला तरी खरा.

आणि सॉरीचं म्हणशील तर, सॉरी म्हणायला तोंड उघडावं लागतं. उघड्या जबड्यावर बसलेला साधा पंचही जबडा निखळवू शकतो, जीभ दातांत येते ती वेगळी. तोंड बंद, दात गमशील्डवर दाबलेले, श्वास नाकाने आत आणि प्रत्येक पंचाबरोबर दातांतून 'स्स' करून बाहेर. चुकून जोरात लागलंच तर ग्लोव्ह पुढे कर, ती तिचा टेकवेल, झालं. बॉक्सिंगमधलं सॉरी ते एवढंच. शब्दांतलं सॉरी राउंड संपल्यावर, पाणी पिताना. तेही एकदा.

आता त्या दिवशी काय होईल ते सांगते, म्हणजे झालं की दचकणार नाहीस. पहिल्या ४० सेकंदांत तुला दम लागेल. बॅगवर तीन-तीन मिनिटं मारणारी तू, तुला वाटेल आपल्याला काही तरी झालंय. काही झालेलं नसतं, तू श्वास धरून ठेवलेला असतोस. समोर माणूस आला की सगळेच धरतात. खांदे कानाला लागतात, मुठी ग्लोव्हच्या आत गच्च आवळल्या जातात आणि हात दगडासारखे जड होतात. आठवेल तेव्हा खांदे खाली सोड, मूठ पंच लागण्याच्या क्षणापुरतीच आवळ. सरांचं काही ऐकू येणार नाही, तेही साहजिक आहे. शिकलेलं सगळं विसरशील आणि एक जॅब तेवढा उरेल. उरू दे. जॅब मारायचा, मारून एक पाऊल बाजूला सरकायचं, बस्स.

आणि डोळे मिटतील. पापणीचं कामच ते. त्यासाठी सराव असतो आणि तो तू घरीही करू शकतेस. समोरच्याने ग्लोव्हने तुझ्या कपाळावर, गार्डवर (तोंडापुढे धरलेल्या हातांवर) हलके हलके टपल्या मारत राहायच्या आणि तू त्याच्या गळ्याखाली, छातीच्या वरच्या भागावर नजर ठेवून उभी राहायचं. हाताकडे बघायचं नाही. हात निघायच्या आधी खांदा हलतो, तो तिथून दिसतो. (डॉक्टरांचा होकार येईपर्यंत टपल्या फक्त गार्डवर.) या कामाला नवऱ्याला लाव. 'हे कशाला' विचारतो ना, त्याला कळेल. घरात पोर असेल तर तेही आवडीने मारेल टपल्या, पण त्याला आवरणं अवघड जाईल, सांभाळ.

काहीही झालं तरी दोन गोष्टी करायच्या नाहीत. पाठ फिरवायची नाही आणि मान खाली घालून जमिनीकडे बघायचं नाही. भांबावलीस तर दोन्ही ग्लोव्ह गालांना लावून, कोपरं बरगड्यांना चिकटवून मागे सरक, नाही तर मोठ्याने "टाइम" म्हण आणि एक गुडघा टेकव. गुडघा टेकलेल्याला कुणी मारत नाही.

शनिवार ठरेल तेव्हा सरांशी आधी बोलून घे. पहिल्या दिवशी दोन राउंड पुरे, दीड-दीड मिनिटांचे. पहिल्यात दोघींनी फक्त जॅब. दुसऱ्यात तू हवं ते मार, तिने फक्त जॅब आणि बचाव. जोर किती, ते सरांनी तुम्हा दोघींसमोर तोंडाने सांगायला हवं. आणि सर स्वतः दोरीपाशी हवेत, फोन बाजूला ठेवून. याबाबत मी हट्टी आहे आणि तूही हट्टी हो.

ग्लोव्ह १६ औंसांचे, म्हणजे एकेक जवळजवळ साडेचारशे ग्रॅमचा. तू बॅगवर वापरतेस ते नकोत, मारून मारून त्यांची गादी बसलेली असते. हाताला गुंडाळायची पट्टी नेहमीचीच, साडेचार मीटरची, मनगटाला दोन वेढे जास्त दे. गमशील्ड स्वतःचं. दुकानात मिळतं ते उकळत्या पाण्याच्या भांड्यात पाकिटावर लिहिलंय तेवढे सेकंदच ठेव, चमच्याने बाहेर काढ, क्षणभर गार पाण्यातून काढ आणि दातांवर बसवून जोरात चाव. चावून झाल्यावर ओठांनी आत चोखून घे म्हणजे हिरड्यांना बरोबर बसतं. तोंड उघडल्यावर खाली पडलं तर जमलेलं नाही, पुन्हा कर. माझं पहिलं मी जास्त वेळ उकळलं, त्याचा पापडासारखा तुकडा झाला. छातीचं गार्डही मिळतं, ते घे.

दागिने सगळे काढायचे हे तुला माहीत असेल, पण चमकी? चमकी घालत असशील तर ती निघालीच पाहिजे, पट्टी लावून चालणार नाही. वर्षानुवर्षं घातलेल्या चमकीचा फिरकीचं मळसूत्र घट्ट बसलेलं असतं आणि ऐन सकाळी घरात कुणाकडूनच निघत नाही. आधीच सोनाराकडून सैल करून आण. केसांचा अंबाडा नको, त्याने हेडगार्ड वर उचललं जातं. मानेपाशी दोन सैल वेण्या. आदल्या रात्री तेल नको, हेडगार्ड घसरून डोळ्यांवर येतं.

हेडगार्डवर फार विसंबूही नकोस. ऑलिंपिकमध्ये ते १९८४ साली आलं आणि पुरुषांच्या वरिष्ठ गटातून २०१३ मध्ये काढून टाकण्यात आलं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला पुरुष उघड्या डोक्याने लढले. त्यावरचे वाद अजून संपलेले नाहीत, पण एवढं नक्की की हेडगार्ड भुवई फाटण्यापासून, कान सुजण्यापासून वाचवतं. मेंदू कवटीच्या आत हलतो, तो बाहेरच्या गादीने थांबत नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. अकोला सोडल्यावर काही वर्षांनी एका दुसऱ्या शहरात मी सराव करत होते. तिथल्या प्रशिक्षकांनी माझ्यापुढे माझ्याहून बराच जड मुलगा उभा केला आणि ते बाहेर चहाला गेले. मुलगा वाईट नव्हता. त्याला कुणी जोर सांगितला नव्हता, मला कुणी नकार द्यायला शिकवलं नव्हतं. उजवा हात कानशिलाच्या वर बसला. मी पडले नाही. फक्त आवाज बंद झाला, दूरदर्शनचा बटण फिरवून बंद करावा तसा. राउंड पूर्ण केला. "भारी आहे ही" असं कुणी तरी म्हणाल्याचंही आठवतं. बसने घरी निघाले आणि दोन स्टॉप पुढे जाऊन उतरले, तिथून बहिणीला फोन करून विचारलं की आपलं घर कुठे आहे. हे मला आठवत नाही, तिने नंतर सांगितलं. तीन दिवस डोकं दुखत होतं, ट्यूबलाइट सहन होत नव्हती. चौथ्या दिवशी मी परत स्पारिंगला उभी राहिले. कुणीही विचारलं नाही, मीही कुणाला सांगितलं नाही.

आज माझ्या हाताखालच्या मुलीने असं केलं तर मी तिचे ग्लोव्ह कपाटात घालून किल्ली खिशात टाकीन. स्पर्धेत डोक्यावरच्या फटक्याने लढत थांबवावी लागली तर त्या खेळाडूला किमान ३० दिवस लढायची बंदी असते. त्यात स्पारिंगही आलं. तीन महिन्यांत दुसऱ्यांदा झालं तर ९० दिवस. क्लासमध्ये डॉक्टर बसलेला नसतो, म्हणून तिथे हा नियम आपणच पाळायचा. स्पारिंगनंतर डोकं दुखायला लागलं, मळमळलं, उजेड टोचला, तेच ते विचारायला लागलीस, तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही, एकटीने राहायचं नाही, आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय परत रिंगमध्ये जायचं नाही. उलट्या थांबत नसतील, डोकेदुखी वाढतच असेल, जागं ठेवणं अवघड जात असेल किंवा एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसत असेल, तर थेट हॉस्पिटल. आणि डोळ्यांचं तुला वेगळं लक्षात ठेवायचंय. डोळ्यांपुढे अचानक ठिणग्या, काळ्या डासांसारखे ठिपके किंवा कडेने पडदा सरकल्यासारखं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही.

घाबरवलं का? थोडं घाबरवायचंच होतं. बेतशीर जोराने, जाणत्या माणसासमोर, कुणाचं तरी लक्ष असताना केलेल्या दोन राउंडनंतर बहुतेकींना काय होतं सांगू? नाक लाल होतं, दंड दुखतात आणि भूक लागते.

फार तर डोळ्याखाली निळं होतं. त्यावरून घरचं. नवऱ्याला शनिवारी क्लासला घेऊन ये. समजवायला नव्हे, नुसता बघायला. आणि माझ्या एका विद्यार्थिनीचं झालं ते ऐकून ठेव. काळानिळा डोळा घेऊन ती सोमवारी बँकेत गेली. "बॉक्सिंग करते" असं तिने सांगितलं, पण कुणी विश्वास ठेवला नाही. दुपारपर्यंत तीन बायका तिला वेगवेगळ्या गाठून हळूच विचारून गेल्या की घरी सगळं ठीक आहे ना, आणि संध्याकाळी तिला घ्यायला आलेल्या नवऱ्याकडे वॉचमनसुद्धा वळून वळून बघत होता. त्या बायकांनी विचारलं हे बरंच केलं. पण ऑफिसात तू आधीच एक-दोघींना सांगून ठेव, बिचाऱ्या नवऱ्यासाठी.

सासूबाईंना कधी सांगायचं ते तुझं तू ठरव, त्यात मी पडत नाही. एवढंच लक्षात घे की एरोबिक्सला जाऊन कुणाचा ओठ फुटत नाही.

एक राहिलं. पडदा ठीक निघाला तर डॉक्टरांना मऊ लेन्सचं विचार. रोज नव्या वापरून टाकून द्यायच्या असतात त्या स्पारिंगला सोयीच्या, एखादी पडली तरी रडू येत नाही. मायनस साडेसहाच्या उघड्या डोळ्याला साधारण १५ सेंटीमीटरपलीकडचं सगळं धूसर दिसतं. म्हणजे जॅब नाकाला टेकायच्या बेतात आला की मग तो तुला स्पष्ट दिसणार. पॅड मोठे म्हणून आठ महिने निभावलंस, पण स्पारिंगला तसं चालणार नाही. लेन्स मिळाल्या की पहिल्या दिवशी कुणाशी जोडी लावू नकोस. क्लासच्या आरशासमोर उभी राहा आणि तीन मिनिटं नुसती शॅडो कर. तुझा स्वतःचा जॅब कसा जातो, ते तू अजून एकदाही नीट पाहिलेलं नाहीस.

– तुझी ताई